पिक अपचे अकरा अर्थ

माझ्या क्लासमध्ये सोमवार हा 'पिक अप'चा वार होता. फळ्यावर मधोमध ते दोन शब्द लिहायचे, भोवती अकरा रेघा काढायच्या आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक अर्थ. खाली पडलेलं उचलणे. फोन घेणे. कुणाला तरी गाडीतून आणायला जाणे. येता येता दुकानातून काही घेऊन येणे. कुणी न शिकवता शिकणे. धंद्याने उभारी धरणे. दुसऱ्याचं दुखणं आपल्याला चिकटणे. अर्धवट सोडलेलं पुढे सुरू करणे. वेग घेणे. पसारा आवरणे. आणि अकरावा, जो मी शेवटी आवाज खाली आणून सांगायची: समोरच्याने न बोललेलं ताडणे. बारावाही एक आहे, पोरी पटवण्याचा. तो मी फळ्यावर घेत नसे, पण मागच्या बाकावरच्यांना नेमका तेवढाच आधीपासून येत असायचा.

क्लास बुधवार पेठेत होता, रेडिओ आणि टेपरेकॉर्डरच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की उतरणारा माणूस खाली पोचेपर्यंत चढणाऱ्याने थांबायचं. सुरुवातीला बँकेच्या परीक्षा देणारी चार-सहा टाळकी असायची. मग देशाची दारं उघडली म्हणतात ती उघडली, आणि त्या दारांतून आत काय आलं ते अर्थतज्ज्ञांनी सांगावं, माझ्या जिन्यावरून मात्र इंजिनिअर वर येऊ लागले. यवतमाळचे, अकोल्याचे, वाशिमचे. गणितात पैकीच्या पैकी मार्क आणि मुलाखतीत तोंडाला कुलूप. मी स्वतः मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे ते कुलूप कुठे अडतं ते मला बरोबर माहीत होतं. माझ्याकडून शिकून गेलेल्यांना नोकऱ्या लागायच्या. मला त्याचा गर्व होता. होता म्हणजे चांगला भक्कम होता, उगाच विनय दाखवत नाही. विनयाने काय होतं तेच पुढे सांगायचंय.

पुण्यात हे क्रियापद शिकवायला सोपं. "गाडीला पिकअप नाही" हे वाक्य इथे शाळेचं तोंड न पाहिलेला मेकॅनिकही म्हणतो. आमच्या घरात तर ते रोजचं होतं, कारण आमच्या यांची स्कूटर वारज्याच्या चढावर दर सकाळी धाप लागल्यासारखी थांबायची. हे उतरून तिला ढकलायचे आणि वर पोचले की पुन्हा बसायचे. स्कूटर बदलू या म्हटलं की, "चालतेय ना? मग झालं तर!" हे ठरलेलं उत्तर. स्वभावच तसा. कुणाला दोष द्यायचा नाही, यंत्रालाही नाही.

हे पिंपरीकडच्या एका पंपाच्या कारखान्यात प्लॅनिंगला होते. कुठलं काम कुठल्या मशीनवर, कुठल्या पाळीत, कुठला माल आधी, हे ठरवणारा माणूस. बाकीचे कागदात शोधायचे ते यांच्या डोक्यात असायचं. पण कारखान्यात यांचं नाव झालं ते दुसऱ्याच कारणाने. गणपतीत शेवटच्या दिवशी आभारप्रदर्शन यांच्याकडे असे. मांडववाल्यापासून वर्गणी गोळा करणाऱ्यापर्यंत, साहेबांपासून चहाचे कप धुणाऱ्या मावशींपर्यंत, एकही नाव सुटायचं नाही. हातात चिठ्ठीसुद्धा नसे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "मी विशेष काही केलेलं नाही, हे सगळं तुम्हा सर्वांचं आहे." मग टाळ्या. सगळ्यांना माहीत असायचं की मांडव यांनीच उभा केलाय, मूर्ती यांनीच आणलीय, चार रात्री यांनीच जागवल्यात. म्हणूनच तर टाळ्या. ज्याने सगळं केलं त्याने "मी काही केलं नाही" म्हणायचं आणि ऐकणाऱ्यांनी ते खोटं आहे हे समजून घ्यायचं, अशी ती रीत. आम्ही दोघंही त्यातच वाढलेले. स्वतःची टिमकी वाजवणारा माणूस आमच्या दोन्ही घरांत पानाला बसवून घेतला असता, पण तो गेल्यावर त्याची नक्कलही केली असती.

कारखान्याच्या ऑर्डरी कमी व्हायला लागल्या तेव्हा यांचे साहेब दोन वर्षं म्हणत होते, मार्केट पिक अप होईल. झालंही, दुसऱ्यांचं. आमच्याकडे एकेक शेड बंद होत गेली. त्याच सुमाराला कारखान्यात नवं सॉफ्टवेअर बसवायला एका कंपनीची तरुण मुलं आली. मशीन कशाशी खातात ते त्यांना माहीत नाही. हे त्यांच्याशेजारी सहा महिने बसले. स्टोअरमधला एक बोल्ट बाहेर निघाला की त्याच्यामागे काय काय हलतं, ते यांनी त्यांना कागदावर काढून दाखवलं. जाताना त्यांचा प्रमुख म्हणाला, "सर, कोड आम्हाला येतो, कारखाना येत नाही. तुम्ही या आमच्याकडे." वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी हे आयटीत गेले.

काय तो थाट! वारज्याच्या पुलाखाली कंपनीची बस यायची. सात दहाचा पिकअप. हे पावणेसातलाच जाऊन उभे. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, हातात डबा. शेजारच्या काकू मला विचारायच्या, "अहो, यांची बदली झाली का हिंजवडीला?" मी म्हणायची, "नाही, बढती." मीही काही कमी नव्हते.

तिथे सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची पद्धत. पंचविशीतली पोरं यांना एकेरी नावाने हाक मारायची आणि हे त्यांना 'अहो मॅडम', 'अहो साहेब' करायचे. पहिला आठवडा पोरं हसली. मग पोरांनीच यांना सर करून टाकलं. इंग्रजी मात्र यांचं कच्चं. कळायचं सगळं, लिहायचंही सगळं, पण सांधे निखळलेलं. त्यामुळे ईमेल असो, रिपोर्ट असो, आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून घरी आणायचे. मी पोळ्या झाल्या की लाल पेन घेऊन बसायची. "इंग्रजी तेवढं बघ गं," एवढंच म्हणायचे. आणि मी बघायची. आवडायचं मला ते. लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात माझी मास्तरकी चालत होती.

एके दिवशी यांनी टीममधली एक मुलगी माझ्या क्लासला पाठवली. मूर्तिजापूरकडची. हुशार, पण मीटिंगमध्ये गप्प. "हिच्याकडून फी घेऊ नकोस, आणि बोलती कर," असा निरोप. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, मले सगळं समजते, पण बोलाची वेळ आली का घसाच बसते." मी हसले. मला माझी पंचविशी आठवली. सकाळी ती यांच्याकडून कारखाना शिकायची, संध्याकाळी माझ्याकडून इंग्रजी. वर्षभरात ती अशी काही बोलू लागली की मीच चकित. न शिकवता शिकण्याचा अर्थ सांगायचा झाला की मी वर्गात तिच्याकडे बोट दाखवायची. आमच्या घरी यायची, माझ्या हातचं वरण ओरपायची, आणि माहेरी आल्यासारखी ओट्याला टेकून गप्पा मारायची.

मग अमेरिकेतल्या बँका आडव्या झाल्या ते वर्ष आलं. तिथे बँक पडली की इथे वारज्याच्या पुलाखाली बसमध्ये जागा रिकाम्या होतात, हे आम्हाला नव्याने कळलं. हे येऊन सांगायचे, आज तो नव्हता, आज ती नव्हती. कुणी काही बोलत नाही म्हणायचे. अशातच वर्षाचा फॉर्म भरायची वेळ आली. वर्षभरात तुम्ही काय केलं ते तुम्हीच लिहायचं, आणि त्यावर साहेब गुण देणार. दरवर्षीच असायचा तो, पण यंदा वरून हुकूम होता: प्रत्येक टीममधून एकाला सगळ्यात खालच्या पायरीवर बसवायचंच. खालच्या पायरीवरच्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. यांनाही, मलाही. यांच्या वयाला दुसरीकडे कोण उभं करणार होतं? आमची मुलगी बारावीत होती.

रविवारी दुपारी यांनी मजकूर लिहून माझ्यापुढे ठेवला. कारखान्याच्या जुन्या जॉबकार्डांच्या पाठीवर, चार पानं. मी पेन उघडलं.

आज तो मजकूर मला तोंडपाठ आहे. पहिल्या चौकटीत विचारलं होतं, या वर्षातलं तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं. यांनी लिहिलं होतं की नाशिकच्या ग्राहकाचं काम त्या मुलीच्या मेहनतीमुळे वेळेत झालं, तिने सगळं फार लवकर पिक अप केलं. पिक अप! अगदी बरोबर अर्थाने, बरोबर काळात. मी समासात खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'छान!' दुसऱ्या चौकटीत कुणा तंत्रज्ञाचे आभार. तिसरीत ग्राहकाच्या स्टोअरकीपरचे, त्याच्या सहकार्याशिवाय काहीच शक्य नव्हतं म्हणे. चौथीत साहेबांचे, वेळोवेळी केलेल्या मार्गदर्शनाबद्दल. सगळ्यांची नावं, हुद्दे, एकही न सुटलेलं. आणि शेवटी आणखी काही सांगायचं असल्यास म्हणून जी चौकट होती, तीत: 'आय डिड नॉट डन एनीथिंग स्पेशल.'

मी चिडले. "अहो, डिड नॉटच्या पुढे डन कसं येईल? किती वेळा सांगायचं? वीस वर्षं झाली लग्नाला!"

"राहिलं गं," हे म्हणाले. "कर ना तू बरोबर."

मी 'डिड' खोडलं, वर 'हॅव' लिहिलं. 'आय हॅव नॉट डन एनीथिंग स्पेशल.' मी विशेष काही केलेलं नाही. निर्दोष वाक्य. मी ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. मला त्यात काही खटकलं नाही. उलट, शेवटचं ते वाक्य ऐकून मला मांडव आठवला, टाळ्या आठवल्या, आणि बरं वाटलं. नाशिकच्या कामासाठी हे महिनाभर तिथल्या लॉजवर राहिले होते, ताप अंगावर काढत. ते चार पानांत कुठेही नव्हतं. आणि ते नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. अकरावा अर्थ आवाज खाली आणून शिकवणाऱ्या बाईच्या!

आता खरं डोक्यात जातं ते सांगते. त्याच आठवड्यात ती मुलगीही तिचा फॉर्म घेऊन आली होती. क्लास सुटल्यावर, फळा पुसत असताना. "मॅडम, एकदा नजर टाका." मी टाकली. पहिल्या ओळीपासून मी, मी, मी. मी नाशिक पूर्ण केलं. मी ग्राहकाला समजावलं. मी नवी पद्धत बसवली. मी नाक मुरडलं. "काय गं हे, नुसतं आपलंच घोडं दामटलंयस. जरा कमी कर की."

तिने खाली मान घातली, पण कागद परत घेतला नाही. "मॅडम, तिथं असंच लिहा लागते. नाही लिहिलं तर त्याईले वाटते, यानं केलंच नाही. सरायलेही सांगा तुम्ही."

'सरायलेही सांगा.' इतकं स्वच्छ सांगितलं पोरीने. आणि मी काय केलं? तिच्या दोन चुका दुरुस्त केल्या, कागद तिच्या हातात दिला, आणि बसमध्ये खिडकीशी बसून मनात म्हटलं, हल्लीच्या मुलांना लाज कशी ती नाही. घरी येऊन यांना मी ते सांगितलंही, पण हसण्यावारी. हेही हसले. "जाऊ दे गं, पोर आहे," म्हणाले, "काम मात्र तिने खरंच केलंय हो." फॉर्म तोवर यांनी दिला नव्हता. अजून दोन दिवस होते. दोन दिवस!

पंधरा दिवसांनी हे दुपारी साडेबाराला घरी आले. दार मीच उघडलं. पट्टा गळ्यात नव्हता, खिशात होता. डबा हातात होता, भरलेला. मी विचारलं, "बरं नाही का?" तर म्हणाले, "बरा आहे. आधी डबा इथेच खातो." आणि खरंच खाल्ला, गवारीची भाजी आणि पोळी, एक घास न टाकता. मग सांगितलं.

साहेब तिशीचा होता. वाईट नव्हता म्हणतात हे. यांना बसवलं, पाणी मागवलं. यांचाच फॉर्म संगणकावर उघडून पडदा यांच्याकडे फिरवला. "सर, मला एक नाव खाली घालावंच लागतं. मी भांडलो असतो तुमच्यासाठी. पण भांडू कशावर? हे काम कुणी केलं, तर तुम्ही लिहिता तिने केलं. तीही लिहिते मी केलं. दोघांचं एकच म्हणणं आहे. आणि इथे शेवटी तर तुम्ही स्वतः..." असं म्हणून त्याने ते वाक्य वाचलं. मोठ्याने. आय हॅव नॉट डन एनीथिंग स्पेशल.

"मग तुम्ही काय म्हणालात?" माझा आवाज चढला होता. "सांगितलं नाहीत का, की अहो, ही बोलायची पद्धत असते? तोंड नव्हतं का तुम्हाला? नाशिकचा ताप तरी सांगायचात!"

"आता ते कसं सांगणार?" हे म्हणाले. "लिहून दिलेलं मागे कसं घ्यायचं?" मग पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "इंग्रजी मात्र एकदम बरोबर होतं हं. वाचताना कुठे अडखळला नाही तो."

मला सांगता येत नाही मला काय झालं ते. टोमणा असता तर मी पेलला असता, टोमण्यांवर तर आमचं आख्खं शहर पोसलंय. पण हा माणूस मनापासून कौतुक करत होता. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तो रिकामा डबा दोनदा घासला.

महिनाअखेरीस, शेवटच्या दिवशी, टीमने यांना निरोप दिला. केक, एक घड्याळ, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड. हे उभे राहिले आणि यांनी आभारप्रदर्शन केलं. हे मला त्या मुलीने सांगितलं. ती दोन दिवसांनी घरी आली, दारातच रडायला लागली. म्हणाली, सरांनी एकाचंही नाव सोडलं नाही. बसच्या ड्रायव्हरचं घेतलं, साफसफाईच्या मावशींचं घेतलं, साहेबांचं घेतलं. तिचं तर दोनदा घेतलं. आणि शेवटी म्हणाले, माझं इंग्रजी माझ्या पत्नीने सांभाळलं, तिचा मी ऋणी आहे. टाळ्या वाजवायच्या असतात हे तिथल्या पोरांना माहीत नव्हतं.

यांची जागा तिला मिळाली. मिळायलाच हवी होती, ती लायकच होती. मी तिला चहा दिला, पेढाही दिला. पण ओट्याला टेकून ती उभी राहिली नाही आणि मीही 'ये गं आत' म्हटलं नाही. ती पुन्हा आली नाही. तिचं काय चुकलं? काहीच नाही. तरी मी तिला एकदाही फोन केला नाही, आणि तिचा आला तेव्हा घेतला नाही.

हे नंतर शिवणे गावाकडच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये जायला लागले. तिथे प्लॅनिंग वहीतच चालतं. स्कूटर तीच. मी सोमवारी फळ्यावर दुसरं क्रियापद घ्यायला लागले, आणि वर्गात एक नवीन धडा सुरू केला: स्वतःबद्दल कसं लिहावं. मुलं भराभर लिहायची. कुणालाच जड जायचं नाही.

मागच्या दिवाळीत कपाट आवरताना यांची फाईल हाती लागली. प्रमाणपत्रं, कारखान्याचं पत्र, आणि मध्ये ती चार जॉबकार्डं. नीट टाचलेली. लाल शाईचा रंग जरा उडालाय. 'छान!' आहे. 'डिड' खोडलेलं आहे, आणि वर माझ्या अक्षरात, गोल, सुबक, शिकवणाऱ्या बाईचं असावं तसं, 'हॅव' आहे. मी ती पानं घेऊन बाहेर आले. हे पेपर वाचत बसले होते.

इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. "अहो, हे सगळं मी वाचलं होतं. शब्द न् शब्द वाचला होता. त्या दिवशी तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. का?"

यांनी चष्मा वर केला, पानांकडे बघितलं, ओळखीचं हसले.

"तुला कशाला बोलू? मी तुला इंग्रजीच बघायला सांगितलं होतं ना?" म्हणाले. "तेवढं तू बघितलंस."